बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, मोहोराच्या आधी घरी नेऊ का?

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ६४ वर्षांचे, देवगड तालुक्यात हापूसची १५० कलमं. आषाढात कावीळ झाली, महिनाभर गावठी औषध झालं, मग मुंबईत निदान झालं: स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. पित्तनळीत स्टेंट टाकलाय, केमोचे दोन डोस झालेत, ऑपरेशन होणार नाही. किती दिवस विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘सहा महिने, वर्षही जाईल, सांगता येत नाही.’ बाबांना ‘काविळीची गाठ’ एवढंच सांगितलंय. ते मोहोर यायच्या आत घरी न्या म्हणून अडून बसलेत आणि भाऊ म्हणतोय मुंबई सोडायची नाही. पुढे नक्की काय होणार, बाबांना सांगायचं का, आणि घरी न्यायचं का?

मी सिंधुदुर्गात समुद्रालगतच्या एका गावात २७ वर्षं प्रॅक्टिस करतो. मी कॅन्सरचा सर्जन नाही, केमो देत नाही. मुंबई, गोवा, कोल्हापूर करून जाडजूड फाइल घेऊन पेशंट गावी परततो, त्यानंतरचा काळ माझ्या वाट्याला येतो. गेली बारा-तेरा वर्षं अशा पेशंटना घरी जाऊन बघणं हेच निम्मं काम झालंय. तेव्हा मी बोलणार ते त्या काळाबद्दल.

आधी तो गावठी औषधाचा महिना. तुम्ही प्रश्नात तो दोनदा लिहिलाय, म्हणजे तो सलतोय. आमच्याकडे कावीळ म्हटली की गळ्यात माळ घालतात, ती लांबत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली. कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो, पाणी पिवळं होतं, बघणाऱ्याला पटतं. साध्या विषाणूच्या काविळीला हे सगळं चालून जातं, कारण ती बहुतेक वेळा आपली आपणच बरी होते. पित्तनळी दाबली गेल्यामुळे झालेली कावीळ तशी उतरत नाही. पण हा कॅन्सर मुळात गुपचूप वाढणारा. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून असतं, बाहेरून हाताला काही लागत नाही. निदान होतं तेव्हा शंभरातल्या पंधरा-वीस जणांचंच ऑपरेशन होण्यासारखं असतं, बाकीच्यांचा त्याआधीच पसरलेला असतो. बाबांचा यकृतात गेला तो त्या महिन्याभरात गेला असं मला वाटत नाही. गावातल्या काकांनी औषध आणून दिलं म्हणून त्यांच्याशी बोलणं टाकलं असेल, तर तेवढं पुन्हा सुरू करा.

चुकायचं म्हणाल तर मीही चुकलोय. काही वर्षांपूर्वी बाजारातला एक किराणा दुकानदार, वय ५८, नवीनच डायबेटिस निघालेला. तीन महिन्यांनी आला तो आठ किलो वजन उतरवून. मी त्याला शाबासकी दिली. ‘असंच पथ्य ठेवा’ म्हटलं. तो म्हणाला, ‘पथ्य खंयचा डॉक्टर, माका जेवणच जाणा नाय.’ मी हसून सोडून दिलं. दोन महिन्यांनी पाठदुखी घेऊन आला तेव्हा सोनोग्राफी केली. पन्नाशीनंतरच्या नव्या डायबेटिसमागे शंभरात एखाद्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर लपलेला असतो, आणि प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर ही शक्यता आणखी वाढते. तो एखादा माझ्यासमोर खुर्चीत बसला होता. तुमच्या बाबांसाठी याचा आता उपयोग नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी असेल: दुखल्याशिवाय आलेली कावीळ, अंगभर खाज, कोऱ्या चहासारखी लघवी आणि मातकट पांढरी शी असं एकत्र दिसलं तर आठवड्याच्या आत सोनोग्राफी.

आता ‘सहा महिने ते वर्ष’. हे आकडे कुठून येतात ते कळलं तर त्यांची दहशत थोडी कमी होते. २०११ साली फॉल्फिरिनॉक्स नावाच्या केमोचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पसरलेल्या कॅन्सरमध्ये या केमोवरचे निम्मे पेशंट ११.१ महिन्यांच्या आत गेले, निम्मे त्यापुढे जगले. जेमसिटाबिन या एकाच केमोच्या औषधावर हाच आकडा ६.८ महिने होता. पण त्या अभ्यासातले पेशंट ७५ वर्षांच्या आतले, बऱ्यापैकी हिंडतेफिरते होते. म्हणजे ११ महिने ही कुणाची मुदत नाही, रांगेतल्या मधल्या माणसाचा तो आकडा आहे. आमच्यात एक ठोकताळा आहे: मधल्या आकड्याच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत साधारण अर्धे पेशंट सापडतात. मधला ११ धरला तर साडेपाच महिन्यांपासून २२ महिन्यांपर्यंत. थोडे फार लवकर जातात, थोडे तिपटीच्याही पुढे जातात. तुमचे बाबा यात कुठे बसतील हे पहिल्या दोन-तीन महिन्यांत थोडं थोडं दिसायला लागतं: स्कॅनमध्ये गाठ आटोपतेय का, वजन थांबलंय का, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, दिवसाचा किती वेळ ते अंथरुणाबाहेर असतात. निम्म्याहून जास्त दिवस पडून जाऊ लागला की केमो सहसा फायद्यापेक्षा त्रास जास्त देतो. तेव्हा आपण होऊन डॉक्टरांना विचारा, ‘पुढचा डोस दिला नाही तर काय होईल?’

या आजारात आमच्याकडे हमखास दोन नावं निघतात. एक मनोहर पर्रीकर. ‘मुख्यमंत्री माणूस, अमेरिकेत उपचार केले, फेब्रुवारी २०१८ मध्ये आजार उघड झाला आणि १७ मार्च २०१९ ला गेले, मग आमचं काय?’ हे मी शेकडो वेळा ऐकलंय. दुसरं ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स: ‘तो कसा आठ वर्षं जगला?’ जॉब्स यांचा ट्यूमर न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या जातीचा होता. अवयव तोच, आजार वेगळा, सावकाश चालणारा. फाइलमधला बायोप्सीचा कागद काढा. त्यावर ‘अ‍ॅडेनोकार्सिनोमा’, म्हणजे या कॅन्सरची नेहमीची जात, असेल तर जॉब्सची गोष्ट तुमच्या कामाची नाही. ‘न्यूरोएंडोक्राइन’ असेल तर मी वर लिहिलेले आकडे तुमचे नाहीत. आणि पर्रीकरांबद्दल मी एवढंच सांगतो की जाण्याच्या दीड-दोन महिने आधी, जानेवारी २०१९ मध्ये, नाकात नळी असताना त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. तो त्यांचा निर्णय होता. प्रत्येकाने तसंच करावं असं नाही. पण आजार कळल्यापासून माणूस नुसता अंथरुणावर पडून असतो, ही समजूत त्याने मोडली तर बरं.

किती दिवस हा प्रश्न पेशंट सरळ विचारत नाहीत. माझा एक बागायतदार पेशंट जुलैत तपासायला बसला आणि शर्टाची बटणं लावता लावता म्हणाला, ‘डॉक्टर, औंदा कल्टार घालू काय नको?’ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कल्टार हे मोहोर धरायला लावणारं औषध, जुलै-ऑगस्टमध्ये कलमाच्या बुंध्याभोवती मातीत देतात, त्याचा आंबा हातात येतो पुढच्या मार्च ते मेमध्ये. म्हणजे तो मला मे महिना विचारत होता. आंब्यातलं मला कळत नाही असं म्हणून सुटता आलं असतं. मी म्हटलं, ‘दिवाळीला तुम्ही बागेत फिरत असाल असं मला वाटतं. मे महिन्याची खात्री मी देत नाही.’ तो बराच वेळ गप्प होता. मग तिथेच बोटांवर हिशेब घातला. लांबची बाग त्याने दोन वर्षांच्या कराराने दिली, पैसे आगाऊ हातात आले, त्यातून मुलीची फी भरली. घराभोवतीच्या चाळीस कलमांना मात्र कल्टार घातलं. तो फेब्रुवारीत गेला. त्या चाळीसांतली पहिली पेटी त्याच्या भावाने वाशीला पाठवली.

हा किस्सा लांबवला, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर यात आहे. तारीख कुणी देणार नाही. पण ‘दिवाळीपर्यंत काय धरून चालू, आणि काय धरून चालू नको?’ असं विचारलंत तर बहुतेक डॉक्टर उत्तर देतात. तुमच्या हाताशी मोहोर आहे, शिमगा आहे, आंबा आहे. एकेक टप्पा घेऊन विचारा.

आता मधल्या काळातले त्रास. या आजारात पेशंटचे जे हाल होतात, त्यातले निम्म्याहून अधिक टाळता येण्यासारखे असतात, असं माझं मत झालंय. केमोच्या डॉक्टरांसमोर चाळीस पेशंट बसलेले असतात, त्यांना हे सगळं सांगायला वेळ मिळत नाही.

पहिली गोष्ट स्टेंट. तो प्लास्टिकचा की धातूचा, फाइलमध्ये बघून घरात सगळ्यांना सांगून ठेवा. प्लास्टिकचा साधारण तीन महिन्यांत तुंबतो आणि बदलावा लागतो, धातूचा जास्त टिकतो. थंडी वाजून ताप आला, डोळे किंवा लघवी पुन्हा पिवळी झाली, तर ती मलेरियाची गोळी देऊन सकाळपर्यंत थांबायची वेळ नाही. पित्तनळीत पू झालेला असू शकतो आणि रात्रीतून माणूस जाऊ शकतो. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइटच्या वर कुठलाही ताप आला तरी हाच नियम. त्याच रात्री हॉस्पिटल. कुठलं हॉस्पिटल, गाडी कुणाची, हे आधीच ठरलेलं असू दे.

दुसरी गोष्ट पचनाची, आणि ही सगळ्यात जास्त राहून जाते. स्वादुपिंडाचा पाचक रस आतड्यात पोहोचत नाही, म्हणून खाल्लेलं तूप-तेल-खोबरं तसंच बाहेर पडतं. शी तेलकट, फिकट, भयंकर वासाची, पाण्यावर तरंगणारी, दोनदा पाणी ओतलं तरी न जाणारी. हे संडासात बघावं लागतं आणि विचारायला कुणी धजत नाही. पेशंट गॅस, गॅस म्हणत राहतो, घरचे हलकं म्हणून नुसती पेज देत राहतात आणि वजन उतरत जातं. यावर पॅनक्रिएटिनच्या कॅप्सूल मिळतात. डोस डॉक्टर ठरवतील, पण घेण्याची वेळ चुकली तर डोसाला अर्थ नाही. पहिल्या घासाबरोबर एक, जेवणाच्या मध्यावर दुसरी. जेवण आटोपून पानसुपारीच्या वेळी घेतली तर फुकट. कॅप्सूल गरम पेजेत सोडायची नाही, चावायची नाही. बाटली औषधांच्या पिशवीत ठेवू नका, जेवायला बसता तिथे ठेवा, मात्र चुलीपासून लांब, उष्णतेने ती बिघडते. आणखी एक: ही औषधं डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. मुसलमान पेशंटना, आणि शाकाहारी घरांनाही, मी हे आधीच सांगतो. आमच्या मोहल्ल्यातल्या एका आजोबांनी मौलवींना विचारलं, ते म्हणाले जीव वाचवायला दुसरा उपाय नसेल तर चालतं, मग त्यांनी घेतली. मागाहून बाटलीवर वाचून कळलं असतं तर माझ्यावरचा विश्वास गेला असता.

कॅप्सूल लागू पडली की खोबरं, मासे बंद करायचं कारण उरत नाही. कावीळ झालेल्याला वर्षभर उसाचा रस आणि बिनतेलाचं घालणारी घरं मी बघतो. बाबांना बांगडा आवडत असेल तर बांगडा द्या, नुसती पेज म्हणजे बरंचसं पाणीच. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. फॉल्फिरिनॉक्स चालू असेल तर मात्र त्यातल्या ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे काही दिवस थंडाची बाधा होते: फ्रिजमधली सोलकढी घशात काट्यासारखी लागते, बर्फातल्या माशाला हात लावला की बोटांना शॉक बसल्यासारखं होतं. माझ्या एका पेशंटला हे कुणी सांगितलं नव्हतं. मच्छीमार माणूस, केमोनंतर तिसऱ्या दिवशी बर्फाच्या खोक्यात हात घातला आणि लकवा आला म्हणून ओरडत आला.

जेवणावरून घराघरात होणारं भांडण मी फार जवळून बघितलंय. बायको कुळथाची पिठी आणि भात कालवून आणते, दोन घास होतात, तो भिंतीकडे तोंड फिरवतो. ती म्हणते, ‘माझ्यासाठी एक घास.’ तो खेकसतो. ती माजघरात जाऊन रडते. हा रोग शरीरात अन्न जळण्याची रीतच बदलून टाकतो. भूक मेलेली असते आणि खाल्लं तरी स्नायू झिजत जातात. नवऱ्याने न जेवणं हा तिच्या हाताचा दोष नाही आणि त्याचा हट्टही नाही. आईला हे तुम्हीच सांगा, ताई. सुनेने किंवा मुलाने सांगितलं तर तिला बोलणी वाटतील.

तिसरी गोष्ट दुखणं. पोटात वरच्या बाजूला आणि पाठीत, रात्री जास्त, पुढे वाकून बसलं की जरा कमी. उशी पोटाशी धरून रात्रभर बसलेला माणूस दिसला तर समजा औषध अपुरं आहे. मॉर्फिनच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या यावर उत्तम चालतात. ‘मॉर्फिन दिलं म्हणजे संपलं’ आणि ‘सवय लागेल’ या दोन भीतींपायी लोक महिनोन्‌महिने कळा सोसतात. दुखण्यासाठी, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही आणि लवकर मरतही नाही. गोळी घड्याळ लावून घ्यायची, दुखायची वाट बघायची नाही. पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत हवंच. सुरुवातीच्या काळात मी ते द्यायला विसरलो होतो आणि एका बाईंचं दुखणं थांबलं पण आठ दिवस शी झाली नाही, त्यांनी मॉर्फिनच बंद करून टाकलं. गोळ्यांनी भागत नसेल तर पोटातल्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन ती नस बधिर करतात. मोठ्या हॉस्पिटलात होतं, आणि उशिरा करण्यापेक्षा वेळेवर केलेलं बरं. २०१४ मध्ये कायदा बदलून मॉर्फिन ठेवण्याची परवानगी सुटसुटीत झाली, तरी प्रत्येक तालुक्यात ते मिळत नाही. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांची सोय आहे का ते मुंबई सोडायच्या आधी फोन करून विचारा. पॅलिएटिव्ह म्हणजे शेवटचं नव्हे. केमोच्या जोडीने पहिल्या दिवसापासून घ्यायची गोष्ट आहे ती.

बाकीचं पटापट. एकाच पायाला सूज आणि पोटरी दुखली, किंवा अचानक दम लागला, तर रक्ताची गाठ. या कॅन्सरमध्ये ती फार होते, त्याच दिवशी दाखवा. साखर वाढली तर इन्सुलिन लावायला घाबरू नका आणि साखरेपायी खाणं तोडू नका. खाल्लेलं तासाभराने तसंच्या तसं उलटत असेल तर आतड्याची वाट दाबली गेलेली असू शकते, तिथेही स्टेंट टाकता येतो. उदासपणा या रोगात पेशंटला नुसत्या बातमीने येत नाही, कधी कधी निदानाच्या आधीपासून असतो. त्यावर औषध आहे, ते मागा. सीए १९-९ या रक्तातल्या कॅन्सरच्या खुणेची तपासणी दर पंधरवड्याला करून आकड्याबरोबर वर-खाली होऊ नका. पित्त तुंबलं तरी तो वाढतो आणि काही माणसांच्या रक्तात तो मुळात तयारच होत नाही.

आणि एक तपासणी तुमच्यासाठी: बाबांच्या रक्तातल्या बीआरसीए वगैरे जनुकांची, ज्यांतला दोष आईबापांकडून मुलांत येऊ शकतो. दोष सापडला तर त्यांचं केमो आणि पुढचं औषध त्यानुसार निवडता येतं, आणि तुम्हाला व भावाला स्वतःची काळजी कुठे घ्यायची ते कळतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर लक्ष्मणफळाचा रस येईल, येतोच. फळ म्हणून खायला हरकत नाही, केमो सोडून रस नको. इम्युनोथेरपीसाठी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधासाठी, कुणी लाखो रुपये मागितले तर ते लागू पडेल का हे सांगणारी गाठीची एमएसआय तपासणी झाली का विचारा. या कॅन्सरमध्ये शंभरात एखाद्याच पेशंटला ते औषध लागू पडतं. कलमं गहाण टाकण्याआधी दुसरं मत घ्या. गावात देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर घाला, कौल लावायचा तर लावा. मी स्वतः दोन-तीन वेळा गाऱ्हाण्याला जाऊन उभा राहिलोय. माझी अट एकच असते, देवाने औषध बंद करायचा कौल दिला तर मला येऊन सांगायचं.

बाबांना सांगायचं का. आमच्याकडे एक म्हातारे होते. मुलाने मला अंगणातच गाठलं, ‘अण्णांना काही बोलू नका.’ आत गेलो, मुलगा पाणी आणायला वळला तसं अण्णांनी माझा हात धरला: ‘झिलाक काय बोला नको, तेका झेपाचा नाय. माका टाटात न्हेल्यानी तेव्हाच समाजला.’ कोकणात परळच्या टाटाला नेलं म्हणजे काय, हे शेंबड्या पोराला कळतं. तुमचे बाबा केमो घेतायत, केस जातायत, शेजारच्या खाटेवरचा पेशंट काय झालंय ते रोज सांगतोय. त्यांना माहीत नाही असं तुम्हाला खरंच वाटतं?

सांगायचं म्हणजे समोर बसवून निकाल वाचायचा नाही. विचारायचं: ‘बाबा, तुम्हाला काय वाटतं, हे काय आहे?’ आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं जमत नाही माणसाला, मला जमायला दहा वर्षं लागली. ते म्हणाले ‘तुम्हीच बघा काय ते’, तर आग्रह नको, काहींना खरंच ऐकायचं नसतं. ते म्हणाले ‘बरं नाही दिसत’, तर ‘हो बाबा’ एवढं म्हणा. पुढचं ते विचारतील तेवढंच. ‘काही नाही, बरे व्हाल’ हे वाक्य एकदा गेलं की त्यांना परत तो विषय काढता येत नाही.

आणि त्यांना बोलायचं असतं ते बहुधा मरणाबद्दल नसतंच. सातबाऱ्यावर तीस नावं, त्यातली निम्मी वारलेली. हद्दीचा दगड कुठे पुरलाय ते फक्त बाबांना माहीत. नेपाळी राखणदाराकडे उचल किती गेलीय, कुठलं कलम वर्षाआड धरतं, फवारणीचं बिल कुणाचं थकलंय. हे सगळं ‘काविळीची गाठ’ म्हणत राहिलात तर कोण विचारणार? मोबाइलवर रेकॉर्ड करा. मृत्युपत्र करायचं असेल तर हात आणि डोकं चालतंय तोवर. व्हेंटिलेटर नको, आयसीयू नको असं त्यांचं मत असेल तर तेही लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही.

आता घरी की मुंबई. माझं मत, न्या. दोन डोस झालेत, पुढच्या डोसांसाठी दरवेळी मुंबईच हवी असं नाही. मुंबईच्या डॉक्टरांना विचारा की याच पद्धतीचा केमो जवळ कुठे घेता येईल: बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, कोल्हापूर, त्यांना जे योग्य वाटेल ते. ठरावीक स्कॅनला फक्त मुंबई. हॉस्पिटलकडून सवलतीचा फॉर्म घेतला की कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीत रेल्वेचं भाडं माफ असतं, सोबतच्याला ७५ टक्के सूट. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

पण घरी नेणं म्हणजे नुसतं गाडीत बसवणं नाही. तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. पावसाळ्यात घाटात दरड येते आणि कोल्हापूरचा रस्ता बंद होतो. म्हणून मॉर्फिन संपायला आठ-दहा दिवस असतानाच नवीन आणायचं, गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या बघून. वीज गेली तर इन्सुलिन ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवायचं. गावातला एक डॉक्टर आधी भेटून ठेवायचा, फाइलची झेरॉक्स त्याच्याकडे द्यायची आणि सरळ विचारायचं, ‘रात्री फोन उचलाल का?’ नाही म्हणाला तर दुसरा शोधा.

शेवट कसा असतो हे तुम्ही विचारलेलं नाही, पण भावाची भीती तीच असणार. बहुतेकांचा शांत असतो. झोप वाढत जाते, घोट उतरत नाही, हातपाय गार पडतात, श्वासाला घरघर येते. ती घरघर ऐकणाऱ्याला असह्य होते, बहुतेक वेळा पेशंटला तिचा त्रास होत नसतो. कुशीवर वळवायचं, ओठ ओल्या कापसाने पुसायचे. या वेळी अख्खं गाव ‘सलाईन लावा’ म्हणून मागे लागतं. ते पाणी शरीराला वापरता येत नाही, पायांत आणि छातीत साचतं, घरघर वाढते. मी लावत नाही आणि त्यावरून दोन वेळा शिव्याही खाल्ल्यात.

भावाशी फोनवर वाद घालू नका. पुढच्या ओपीडीला त्याला सोबत न्या आणि आत गेल्यावर बाबांनाच बोलू द्या. डॉक्टरांना त्यांनी स्वतः विचारू दे की मोहोराच्या दोन फवारण्यांपुरतं तरी गावी जाऊ का. त्या खोलीत भाऊ बसलेला असला पाहिजे.